मुंबई लोकलचे सगळे डबे एकदम कसे सुटतात? उत्तर आहे फ्रँक स्प्रेग, ज्याचं नाव एडिसनच्या पाटीखाली झाकलं गेलं

सकाळची गर्दीची वेळ. प्लॅटफॉर्मवर १२ डब्यांची लोकल उभी आहे. सगळ्यात पुढच्या केबिनमध्ये मोटरमन एकटाच बसलाय. तो हँडल फिरवतो आणि गाडी सुटते.

आता यात विशेष काय, असं तुम्ही म्हणाल. तर विशेष असं आहे की लोकलला पुढे इंजिन नसतं. मोटरी असतात त्या गाडीतल्या वेगवेगळ्या डब्यांखाली. त्यातल्या काही मोटरमनपासून पार लांब, मागच्या बाजूला. तरी त्या सगळ्या एकाच वेळी सुरू होतात, सारखाच जोर लावतात आणि एकाच वेळी बंदही होतात. मागच्या डब्यातल्या मोटरला कोण सांगतं की आता निघायचंय?

हे कोडं १८९७ साली अमेरिकेतल्या एका माणसानं सोडवलं. नुसतं सोडवलं नाही, तर ते किती सोपं झालंय हे दाखवायला त्यानं सहा डब्यांच्या गाडीचं हँडल आपल्या दहा वर्षांच्या पोराच्या हातात दिलं.

त्या माणसाचं नाव फ्रँक ज्युलियन स्प्रेग.

अमेरिकेत त्याला विजेच्या वाहतुकीचा जनक म्हणतात. आपण रोज त्याच्या डोक्यातून निघालेल्या गाडीनं ऑफिसला जातो आणि त्याच्याच वळणाच्या लिफ्टनं घरी चढतो. पण एडिसनचं नाव शाळकरी पोराला माहीत असतं, स्प्रेगचं इंजिनिअरिंगच्या पोरांनाही नसतं. असं का झालं, तीच ही गोष्ट.

चुकून नौदलात गेलेला पोरगा

स्प्रेगचा जन्म २५ जुलै १८५७ चा. गाव मिलफर्ड, राज्य कनेक्टिकट. आई लहानपणीच गेली. वडील कामधंद्यासाठी पश्चिमेकडे गेले आणि जाताना पोराला मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थ ॲडम्स गावी आपल्या बहिणीकडे ठेवलं. आत्या शाळेत शिक्षिका होती. तिच्या हाताखाली पोरगं वाढलं आणि गणितात तरबेज झालं.

१८७४ मध्ये तो सैनिकी शिक्षणासाठी वेस्ट पॉइंटची प्रवेश परीक्षा द्यायला निघाला. पोहोचल्यावर कळलं की परीक्षा नौदलाच्या ॲनापोलिस अकादमीची आहे. आलोच आहोत तर देऊन टाकू, म्हणून त्यानं ती दिली आणि पहिला आला. अशा रीतीनं गडी नौदलात गेला. १८७८ मध्ये ३६ जणांच्या वर्गात सातवा येऊन तो बाहेर पडला.

जहाजावर असताना त्याला विजेचं वेड लागलं. लँकेस्टर नावाच्या युद्धनौकेवर त्यानं विजेच्या घंटा बसवल्या. अमेरिकी नौदलाच्या जहाजावर असं पहिल्यांदाच होत होतं.

१८८२ मध्ये तो रजा काढून लंडनला क्रिस्टल पॅलेसमधलं विजेचं प्रदर्शन बघायला गेला. तिथं परीक्षक मंडळाचा सचिव म्हणून त्याला कामही मिळालं. रोज येता-जाता तो लंडनची भुयारी रेल्वे वापरायचा. ही रेल्वे तेव्हा वाफेवर चालायची. जमिनीखाली बोगदा, त्यात कोळशाचं इंजिन आणि धूर. लोक खोकत प्रवास करायचे.

इथं त्याच्या डोक्यात किडा शिरला. ही गाडी विजेवर का चालू नये?

एडिसनला दिवे हवे होते, याला मोटर

प्रदर्शनात त्याची गाठ एडवर्ड जॉन्सनशी पडली. जॉन्सन म्हणजे एडिसनचा उजवा हात. १८८३ मध्ये त्याच्या सांगण्यावरून स्प्रेगनं नौदलाची पक्की नोकरी सोडली आणि तो थेट एडिसनकडे कामाला लागला.

एडिसनची पद्धत होती करून बघण्याची. हजार वेळा करून बघायचं, एकदा जमेल. स्प्रेग पडला गणितवाला. शहरात वीज पोहोचवायला कुठं किती जाडीची तार लागेल, हे एडिसनची माणसं शहराची छोटी प्रतिकृती बनवून मोजायची. स्प्रेगनं त्याची गणिती रीत काढून दिली आणि दिवसांचं काम तासांवर आणलं.

पण दोघांचे रस्ते वेगळे होते. एडिसनचं सगळं लक्ष दिव्यांवर होतं. स्प्रेगला विजेनं चाकं फिरवायची होती. १८८४ मध्ये, म्हणजे जेमतेम वर्षभरात, त्यानं एडिसनची नोकरीही सोडली आणि स्वतःची मोटर कंपनी काढली.

मोटर फिरवणं सोपं, आवरणं अवघड

इथं थोडं मोटरचं शास्त्र समजून घेऊ, म्हणजे पुढची सगळी गोष्ट कळेल.

मोटर फिरायला लागली की ती स्वतःच आतून उलटा दाब तयार करते. त्या उलट्या दाबामुळे बाहेरून येणारा करंट आपोआप आटोक्यात राहतो. पण मोटर थांबलेली असताना हा उलटा दाब शून्य असतो. अशा वेळी थेट वीज सोडली तर करंट धबधब्यासारखा आत घुसतो. वायर तापते आणि मोटर जळते. म्हणून सुरुवातीला मध्ये रेझिस्टन्स घालायचा आणि वेग येईल तसा तो टप्प्याटप्प्यानं काढायचा.

भार वाढला की मोटरचा वेग पडतो आणि उलटा दाब कमी होतो. पुन्हा करंट वाढतो, पुन्हा तीच भीती.

थांबवायची वेळ आली तर वेगळाच पेच. वीज तोडली म्हणून मोटर जागेवर थांबत नाही. तिला जोडलेलं वजन तिला ओढत राहतं. उतारावरची ट्राम किंवा माणसांनी भरलेली लिफ्ट असेल तर विचारूच नका.

म्हणजे मोटर बनवणं एक आणि ती ताब्यात ठेवणं दुसरं. १८८० च्या दशकात मोटर बनवणारे बरेच होते. ताब्यात ठेवणारा कुणी नव्हता. स्प्रेगनं पुढची पन्नास वर्षं हेच काम केलं.

१८८६ पर्यंत त्यानं दोन मोठ्या गोष्टी साधल्या. पहिली म्हणजे भार कमी-जास्त झाला तरी एकाच वेगानं चालणारी आणि ठिणग्या न उडवणारी मोटर. कारखान्यांना नेमकी हीच हवी होती. एडिसननंसुद्धा तिची शिफारस केली.

दुसरी गोष्ट त्याहून भारी. मोटर बाहेरच्या जोरानं फिरली तर ती जनरेटर बनते, म्हणजे वीज खात नाही, देते. स्प्रेगनं याचा वापर ब्रेकसारखा केला. उताराला लागलेल्या गाडीची मोटरच तिला मागे धरून ठेवेल आणि तयार झालेली वीज परत तारेत जाईल. याला आज रिजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात. इलेक्ट्रिक स्कूटरच्या जाहिरातीत हा शब्द मोठ्या अक्षरात दिसतो आणि मुंबईच्या नव्या लोकलही ब्रेक मारताना अशीच वीज परत देतात. कल्पना मात्र जवळपास १४० वर्षं जुनी आहे.

फ्यूज उडाला आणि गिऱ्हाईक पळालं

ही मोटर न्यूयॉर्कच्या उन्नत रेल्वेला विकायची, असा स्प्रेगचा बेत होता. रस्त्याच्या डोक्यावरून खांबांवर धावणारी ही रेल्वे वाफेवर चालायची आणि खाली चालणाऱ्यांच्या अंगावर राख पाडायची. रेल्वेची सूत्रं होती जे गुल्ड या बड्या भांडवलदाराच्या हातात.

१८८६ मध्ये एका चाचणीला खुद्द गुल्ड आला आणि छोट्या डब्यात उभा राहिला. त्याच्या शेजारीच उघडा फ्यूज होता. गिऱ्हाइकावर छाप पाडायच्या नादात स्प्रेगनं कंट्रोलर जरा जोरातच फिरवला. करंट उसळला आणि फ्यूज डोळे दिपवणारा लखलखाट करत उडाला.

गुल्ड इतका घाबरला की चालत्या डब्यातून उडी मारायला निघाला.

स्प्रेगनं त्याला समजावायचा प्रयत्न केला. हा बिघाड नाही, हे संरक्षण आहे, मोटर जळू नये म्हणून मधली तार स्वतः वितळून गेली. शास्त्र शंभर टक्के बरोबर होतं. पण गुल्ड परत फिरकला नाही.

विजेच्या संरक्षणाचं दुखणं हेच आहे. ते काम करतं तेव्हा माणसाला वाटतं काहीतरी बिघडलं. घरचा एमसीबी खाली पडला की आपणही आधी त्यालाच शिव्या घालतो.

९० दिवस, ४० गाड्या आणि टायफॉइड

मे १८८७ मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरातून काम आलं. घोडे लावून चालणाऱ्या ट्रामच्या जागी विजेची ट्राम करायची. सुमारे १२ मैलांचा मार्ग, ४० गाड्या, ८० मोटरी, ओव्हरहेड तार आणि एक वीजघर. मुदत ९० दिवस. पैसे १ लाख १० हजार डॉलर, तेही सगळं नीट चाललं तरच.

स्प्रेगकडे तेव्हा काय होतं? कागदावरचे आराखडे आणि काही कच्चे प्रयोग. तेव्हा जगात विजेच्या ट्राम होत्या तुरळक आणि छोट्या. एवढी मोठी एकही नव्हती.

करारावर सही झाली आणि थोड्याच दिवसांत स्प्रेगला टायफॉइड झाला. तो आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळला. उठून रिचमंडला गेला तर तिथला रूळ वाकडातिकडा, माती चिखलाची आणि चढ असे की काही ठिकाणी दहा फूट पुढे गेलं की एक फूट वर. अशा चढावर मोटर चढेल का, हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

म्हणून १८८७ च्या शेवटी एका रात्री त्यानं गुपचूप चाचणी घेतली. गाडी रडतखडत चढ चढली, शहराच्या मधोमध आली. तोवर लोक जमले आणि टाळ्या पडल्या. पण स्प्रेगला कळलं होतं की मोटर तापून आतून गेली आहे. आता गाडी इंचभरही हलणार नाही.

गर्दीसमोर कबूल केलं तर उद्या शहरभर बभ्रा. स्प्रेगनं गंभीर चेहरा केला, सर्किटमध्ये जरा अडचण आहे असं जाहीर केलं आणि सहकाऱ्याला काही उपकरणं आणायला पाठवलं. मग दिवे मालवून तो गाडीतल्या बाकावर आडवा झाला. बऱ्याच वेळानं लोक कंटाळून घरी गेले.

उपकरणं आली. चार तगडी खेचरं.

खेचरांनी विजेची ट्राम ओढत शेडमध्ये नेली.

त्यानंतर मोटरी आणि गिअर बदलले गेले. मोटर गाडीच्या सांगाड्याला घट्ट न बांधता एका बाजूनं चाकाच्या दांड्यावर टेकवली आणि दुसऱ्या बाजूनं स्प्रिंगवर टांगली, म्हणजे रूळ कितीही खडबडीत असला तरी गिअरचे दात जुळलेलेच राहतील. ही टांगण्याची रीत पुढे जगभरच्या विजेच्या इंजिनांनी उचलली.

मुदत टळून गेली होती, कराराचे पैसे घटले होते आणि खर्च हाताबाहेर गेला होता. तरी २ फेब्रुवारी १८८८ रोजी रिचमंडची ट्राम रीतसर सुरू झाली. स्प्रेगला या कामात मोठा तोटा झाला.

पण जग बदललं.

एका रात्रीत २२ गाड्या

त्याच उन्हाळ्यात बॉस्टनच्या ट्राम कंपनीचा प्रमुख हेन्री व्हिटनी रिचमंड बघायला आला. त्याच्याकडे हजारो घोडे होते आणि त्यांचा चारा, तबेला, आजारपण यांना तो कंटाळला होता. त्याच्या लोकांना एकच शंका होती. रस्त्यात खोळंबा होऊन बऱ्याच गाड्या एका जागी अडकल्या आणि मग सगळ्या एकदम सुटल्या तर? आपण वर पाहिलंच, सुरू होताना मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते. मग वीजघर बसणार.

स्प्रेगनं उत्तर दिलं नाही, करून दाखवलं. मध्यरात्री त्यानं २२ गाड्या एकामागे एक उभ्या केल्या. तारेचा तो भाग साधारण चार गाड्यांच्या हिशेबानं केलेला होता. वीजघरातल्या माणसाला आधीच सांगून ठेवलं होतं की वाफ पूर्ण चढव, फ्यूज जाडे घाल आणि काहीही झालं तरी वीज तोडू नकोस.

कंदिलाचा इशारा झाला. एकेक गाडी सुटायला लागली. दिवे मंद होत होत जवळपास विझले. सुमारे ५०० व्होल्टचा दाब २०० पर्यंत खाली आला. पण सगळ्या गाड्या निघाल्या.

खरं सांगायचं तर हे धाडस होतं. संरक्षण ढिलं करून दाखवलेला खेळ होता तो, आणि असा खेळ रोज करायचा नसतो. पण व्हिटनीनं बॉस्टनसाठी वीज निवडली. दोन वर्षांत जगात स्प्रेगच्या सामानानं केलेल्या किंवा ठरलेल्या ट्राममार्गांची संख्या ११० वर गेली.

आपल्याकडे मुंबईत १८७४ पासून घोड्यांची ट्राम होती. १९०७ मध्ये ती विजेची झाली. रिचमंडनं घालून दिलेली वाट मुंबईपर्यंत पोहोचायला १९ वर्षं लागली.

आणि पाटी बदलली

स्प्रेगच्या मोटरी बनत होत्या एडिसनच्या कारखान्यात. १८९० मध्ये एडिसन जनरल इलेक्ट्रिकनं त्याची कंपनीच विकत घेतली. पैसे मिळाले, पण मोटरींवरचं स्प्रेगचं नाव गेलं आणि एडिसनचं आलं. ज्या माणसाला दिव्यांपलीकडे रस नव्हता, तो लोकांच्या लेखी विजेच्या ट्रामचाही बाप झाला.

स्प्रेगनं कंपनी सोडली. ही सल त्याच्या मनात शेवटपर्यंत राहिली.

लिफ्ट, म्हणजे उभी रेल्वे

आडवी गाडी जमली, आता उभी करू, असं म्हणून १८९२ मध्ये तो चार्ल्स प्रॅट या इंजिनिअरबरोबर लिफ्टच्या धंद्यात उतरला. तेव्हाच्या चांगल्या लिफ्ट पाण्याच्या दाबावर चालायच्या. १८९४ मध्ये न्यूयॉर्कच्या पोस्टल टेलिग्राफ इमारतीत त्याच्या विजेच्या लिफ्ट बसल्या. पुढे लंडनच्या नव्या भुयारी रेल्वेसाठी जवळपास पन्नास लिफ्टचं कंत्राट मिळालं. ज्या बोगद्यांच्या धुरात कल्पना सुचली, त्याच शहराचं काम १५ वर्षांनी हातात आलं.

ट्राम बंद पडली तर लोक उतरून चालत जातात. लिफ्टमध्ये ती सोय नाही. त्यामुळे लिफ्टनं विजेच्या वायरिंगला एक शिस्त लावली, जी आज कारखान्यातल्या क्रेनपासून तुमच्या सोसायटीच्या लिफ्टपर्यंत सगळीकडे पाळली जाते.

साधा प्रश्न घ्या. ब्रेक लावायला वीज वापरायची की ब्रेक सोडायला?

सहज वाटतं की लावायला. बटण दाबलं, वीज आली, ब्रेक लागला. पण मग वीज गेली की ब्रेकही गेला. म्हणून लिफ्टचा ब्रेक उलटा असतो. ताकदवान स्प्रिंग तो कायम आवळून धरते. वीज आली की चुंबक ती स्प्रिंग मागे खेचतो आणि ब्रेक सुटतो. वीज गेली, तार तुटली, कॉइल जळली, काहीही झालं तरी स्प्रिंग आपलं काम करते.

संरक्षणाचे रिलेही याच धर्तीवर जोडतात. दरवाजा बंद आहे का, मोटर जास्त तापली नाही ना, वेग ठरलेल्या मर्यादेत आहे ना, अशा प्रत्येक गोष्टीचा एकेक संपर्क असतो. ते सगळे एका माळेत ओवलेले असतात. सगळे जुळलेले असतील तरच मुख्य स्विचच्या कॉइलला वीज मिळते. माळेतला एक मणी निसटला तरी मोटर बंद होते आणि ब्रेक लागतो. यातली मेख अशी की तारच तुटली तरी परिणाम तोच होतो.

आजच्या कारखान्यात मोटरचा वेग सांभाळायला इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह असतात. ब्रेकिंगची जादा वीज परत पाठवायची सोय नसेल तर ती रेझिस्टन्समध्ये जाळतात. तो रेझिस्टन्स अति तापला तर सांगणारा संपर्कही याच माळेत येतो. यंत्र बदललं, पण नियम एकच. काही बिघडलं तर यंत्र थांबलं पाहिजे, सुटलं नाही पाहिजे.

दहा वर्षांच्या पोराच्या हातात गाडी

लिफ्टच्या कामात स्प्रेगला एक सवय लागली होती. मोठ्या मोटरचा करंट थेट हाताळायचा नाही. हातात छोटा स्विच ठेवायचा, त्याचा बारीक करंट लांबच्या यंत्रणेला हुकूम देईल आणि ती यंत्रणा मोठा करंट जोडेल, तोडेल. रिले म्हणजे दुसरं काय? मालकानं मुकादमाला सांगायचं, मुकादमानं गड्यांना.

मग त्याला वाटलं, एका लिफ्टला असा हुकूम देता येतो तर दहा डब्यांना का नाही?

तोवर विजेच्या गाडीलाही पुढे इंजिन लावून मागे डबे ओढायची रीत होती. स्प्रेगनं ठरवलं, मोटरी डब्यांनाच लावायच्या. प्रत्येक डब्यात स्वतःचा कंट्रोलर ठेवायचा आणि सगळ्या डब्यांतून बारीक तारांचा एक जुडगा न्यायचा. कुठल्याही टोकाला बसून हँडल फिरवलं की त्या तारांतून सगळ्या डब्यांना एकच हुकूम जाईल. करंट जास्त झाला तर डब्यातला रिले पुढचा टप्पा रोखून धरेल, म्हणजे चालवणाऱ्यानं कितीही घाई केली तरी मोटर जळणार नाही. हँडलवरचा हात सुटला तर ते स्वतःहून मूळ जागी येईल आणि वीज तुटेल.

गुल्डसमोर कंट्रोलर जोरात फिरवून तोंडघशी पडलेल्या माणसानं अकरा वर्षांनी असा कंट्रोलर केला, जो जोरात फिरवला तरी बिघडत नाही.

न्यूयॉर्कवाल्यांनी या कल्पनेला दाद दिली नाही. शिकागोच्या साउथ साइड उन्नत रेल्वेनं १२० डब्यांचं काम दिलं, पण अट अशी की ठरल्या वेळेत चालवून दाखवा, नाहीतर स्प्रेगनं तारण ठेवलेले १ लाख डॉलर गेले.

जुलै १८९७ मध्ये स्केनेक्टडी गावी चाचणी झाली. २६ जुलैला रेल्वेचे अधिकारी बघत असताना सहा डब्यांची गाडी चालवली स्प्रेगच्या मुलानं, डेस्मंडनं. वय वर्षं दहा. त्या पोराला मोटरचं काही कळायची गरजच नव्हती. शहाणपण तारांमध्ये आणि रिलेमध्ये होतं.

एप्रिल १८९८ मध्ये शिकागोत २० डबे धावायला लागले. सुरुवातीला रेझिस्टन्स जळाले, डबे काढून घ्यावे लागले, नामुष्की झाली. पण काही महिन्यांत सगळे डबे रुळावर आले आणि वाफेची इंजिनं हटवली गेली.

लंडनची ज्या भुयारी रेल्वेला स्प्रेगनं लिफ्ट दिल्या होत्या, ती १९०० मध्ये विजेची इंजिनं लावून सुरू झाली. इंजिनं इतकी जड की वरच्या इमारती हादरायला लागल्या. १९०३ मध्ये तिनंही इंजिनं काढून स्प्रेगची पद्धत घेतली. त्याआधी १९०२ मध्ये जनरल इलेक्ट्रिकनं स्प्रेगची ही कंपनीही विकत घेतली होती. दुसऱ्यांदा तेच.

माणूस चुकला तर?

८ जानेवारी १९०२. न्यूयॉर्कच्या पार्क ॲव्हेन्यूखालच्या बोगद्यात धुरामुळे सिग्नल दिसला नाही. एक गाडी उभ्या गाडीवर आदळली आणि १५ माणसं गेली. शहरात संताप उसळला, वाफेच्या इंजिनांवर बंदी आली. ग्रँड सेंट्रल स्टेशनपर्यंतची रेल्वे विजेवर आणायच्या समितीत स्प्रेग होता. विल्यम विल्गस या इंजिनिअरबरोबर त्यानं विजेचा तिसरा रूळ वरून झाकलेला ठेवायची रीत काढली. बर्फ साचू नये आणि माणसाचा पाय पडू नये म्हणून.

या अपघातात इंजिनाची मोडतोड हे कारण नव्हतं. माणसाला सिग्नल दिसला नव्हता. उतारवयात स्प्रेगनं याच प्रश्नावर काम केलं. चालकानं धोक्याचा सिग्नल पाळला नाही तर गाडीनं स्वतःहून ब्रेक लावायचा, अशी यंत्रणा त्यानं तयार केली आणि त्यासाठी वेगळी कंपनी काढली. १९२२ मध्ये अमेरिकी सरकारनं ४९ रेल्वे कंपन्यांना अशा प्रकारची यंत्रणा बसवायचा आदेश दिला.

पहिल्या महायुद्धात नौदलानं शास्त्रज्ञांचं सल्लागार मंडळ नेमलं. स्प्रेग त्यात होता. मंडळाचा अध्यक्ष कोण? एडिसन.

नाव परत मिळालं का?

२५ ऑक्टोबर १९३४ रोजी न्यूयॉर्कमध्ये फ्रँक स्प्रेग गेला. वय ७७. नौदलाचा माजी अधिकारी म्हणून त्याला आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत पुरलं. इंजिनिअर मंडळींनी त्याला मान कमी दिला नव्हता. तो त्यांच्या संस्थेचा अध्यक्ष होऊन गेला होता. त्यांनी दिलेल्या पदकाचं नाव मात्र होतं एडिसन पदक.

त्याची बायको हॅरिएट गप्प बसली नाही. नवरा गेल्यावर १३ वर्षांनी, १९४७ मध्ये, तिनं पुस्तक काढलं आणि त्याच्या नावातच एडिसनच्या दंतकथेचा उल्लेख केला. विजेच्या गाडीचं श्रेय कुणाचं, हे तिनं त्यात मांडलं. पण तोवर शाळेची पुस्तकं लिहून झाली होती.

मुलगा रॉबर्टनं कपॅसिटरची कंपनी काढली आणि ती त्याच नॉर्थ ॲडम्स गावात नेली, जिथं आत्यानं त्याच्या वडलांना वाढवलं होतं. त्या कंपनीवर तरी स्प्रेगचं नाव राहिलं.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हीटी ते कुर्ला अशी भारतातली पहिली विजेची गाडी धावली. स्प्रेग तेव्हा ६७ वर्षांचा होता. गाडीवर त्याचं नाव नव्हतं. पण पुढे बसलेल्या एका माणसाच्या हातातून लांबच्या डब्यांखालच्या मोटरींना हुकूम द्यायची कल्पना त्याचीच होती.

आज संध्याकाळी लोकलनं घरी जाताना एक करा. गाडी स्टेशनात शिरली की ती कशी थांबते, तेवढं बघा. शेकडो टन वजन, शेकडो माणसं, आणि दाराशी उभ्या असलेल्या माणसाचा तोल न जाता गाडी थांबते. काहीच घडलं नाही असं वाटतं ना? ते तसं वाटावं म्हणूनच त्या माणसानं पन्नास वर्षं घालवली होती.